घरावरची नजर: वर्धा जिल्ह्यातील सुरक्षा कॅमेरे आणि घरगुती तंत्रज्ञान

घराचे फाटक, दुकानाचा गल्ला, शेतातला गोठा अशा ठिकाणी कॅमेरा दिसला तर वर्धा जिल्ह्यात आता कोणी थबकत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बँका, सराफांची दुकाने आणि कारखाने यांच्यापुरती असलेली ही वस्तू आज दोन-तीन हजार रुपयांत मिळते आणि मोबाइलला जोडली जाते. तिच्याविषयीची मते मात्र एकसारखी नाहीत. एका बाजूला कॅमेऱ्यामुळे चोरीला आळा बसतो, म्हाताऱ्या आईवडिलांवर दुरूनही लक्ष ठेवता येते, असे मानणारे आहेत. दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याच्या अंगणात डोकावणारे आणि घरातले चित्र परक्यांच्या हाती देणारे हे यंत्र आहे, असे म्हणणारे आहेत. दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून हा प्रश्न भाग पाडून तपासावा लागतो.

मागणी कुठून आली

वर्धा, देवळी, सेलू, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी आणि कारंजा या आठ तालुक्यांच्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १३ लाख होती. वर्धा शहराची वाढ नगरपालिकेच्या हद्दीबाहेर पिपरी, सिंदी, सावंगी, बोरगाव अशा, नावापुढे ‘मेघे’ लागणाऱ्या गावांत झाली. जुन्या वस्तीत ओसरीवर कोणी ना कोणी बसलेले असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची आपोआप नोंद राही. नव्या लेआउटमध्ये प्रत्येक घराला कुंपण आले, मधले प्लॉट रिकामे राहिले आणि दिवसभर नोकरीवर असणाऱ्यांची घरे कुलूपबंद झाली. मुले पुण्याला किंवा बंगळूरला आणि आईवडील गावी, ही आता अनेक घरांची स्थिती आहे. महालक्ष्म्या, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत घर आठ-पंधरा दिवस बंद राहते. पूर्वी शेजाऱ्याकडे किल्ली देऊन ‘लक्ष ठेवा’ म्हटले की भागत असे. कॅमेरा आला तो या ओळखीच्या नजरेची जागा भरून काढायला.

प्रकार आणि काम

घरगुती कॅमेऱ्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात भिंतीवरचे कॅमेरे तारेने डीव्हीआर किंवा एनव्हीआर या पेटीला जोडलेले असतात आणि चित्रीकरण त्या पेटीतल्या हार्डडिस्कवर साठते. दुसरा प्रकार वायफाय कॅमेऱ्याचा. तो मेमरी कार्डवर किंवा कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर साठवण करतो आणि मोबाइलमधल्या ॲपवर दिसतो. जिथे वायफाय पोचत नाही अशा शेतासाठी सिमकार्डवर चालणारा, छोट्या सौरपट्टीसह येणारा कॅमेराही मिळतो. पहिल्या प्रकारात खर्च आणि तारांची कटकट जास्त, पण चित्र घरातच राहते. दुसरा स्वस्त आणि सोपा आहे, पण चित्र कुठे जाते हे घरमालकाला सहसा ठाऊक नसते.

साठवण किती दिवस टिकते, हा प्रश्न विकत घेताना फार थोडे लोक विचारतात. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने सलग चित्रीकरण करत असेल तर दिवसाला सुमारे २१ ते २२ जीबी जागा लागते. चार कॅमेऱ्यांना रोज ८६ जीबी, म्हणजे एक टीबीची डिस्क साधारण अकरा-बारा दिवसांत भरते. त्यानंतर नवे चित्र जुन्यावर उमटते. पंधरा दिवसांनी गावाहून परतलेल्या कुटुंबाला पहिल्या रात्रीची चोरी त्या पेटीत सापडणार नाही.

बसवण्याच्या पद्धतीवरही पुष्कळ अवलंबून आहे. स्लॅबच्या कडेला बारा-पंधरा फुटांवर लावलेल्या कॅमेऱ्यात माणसाच्या डोक्याचा वरचा भाग तेवढा दिसतो. तोच आठ-नऊ फुटांवर, दाराकडे तोंड करून लावला तर चेहरा मिळतो. वर्ध्याच्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण असते. पारा ४५ अंशांच्या वर गेला की दुचाकीवरचा जवळजवळ प्रत्येक जण तोंडाला दुपट्टा बांधून फिरतो. चोर आणि सभ्य माणूस चित्रात सारखेच दिसतात, मग गाडीचा क्रमांक एवढाच धागा उरतो. तोही फाटकापाशी खाली लावलेल्या कॅमेऱ्यातच वाचता येतो. पावसाळ्यात रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्याभोवती किडे जमतात, त्यांच्यासाठी कोळी जाळे विणतो आणि वाऱ्याने हलणाऱ्या त्या जाळ्यामुळे मोबाइलवर रात्रभर इशारे येत राहतात. चार दिवसांत घरमालक इशारे बंद करून टाकतो आणि कॅमेऱ्याचा निम्मा उपयोग तिथेच संपतो. वीज गेली की डीव्हीआर आणि राउटर दोन्ही बंद पडतात. म्हणून छोट्या यूपीएसचा खर्च मूळ किमतीतच धरायला हवा.

चोरी थांबते का

कॅमेऱ्याच्या बाजूने केला जाणारा सर्वांत मोठा दावा चोरी रोखण्याचा आहे. जगभरच्या चाळीस वर्षांतल्या ८० अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅमेरे असलेल्या भागांत गुन्ह्यांमध्ये सरासरी १३ टक्के घट आढळली. सर्वांत चांगला परिणाम वाहनतळांवर दिसला, हिंसक गुन्ह्यांवर मात्र लक्षणीय परिणाम दिसला नाही. जिथे कॅमेऱ्यावर माणूस प्रत्यक्ष लक्ष ठेवून होता आणि जोडीला इतर उपाय होते, तिथे फरक अधिक होता. हे अभ्यास मुख्यतः सार्वजनिक कॅमेऱ्यांचे असल्यामुळे घरगुती कॅमेऱ्याला ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. तरी त्यांतून एवढे नक्की निघते की कॅमेऱ्याने थोडी मदत होते, पण तो एकटा पुरत नाही.

चोरी लवकर लक्षात येणे हा कॅमेऱ्याहूनही महत्त्वाचा भाग आहे, हे याच जिल्ह्यातल्या एका घटनेतून कळते. सेवाग्राम आश्रमातून गांधीजींचा चष्मा चोरीला गेल्याची बातमी जून २०११ मध्ये बाहेर आली, तेव्हा तो नाहीसा होऊन कित्येक महिने लोटले होते. एवढ्या अंतराने कोणत्याही घरगुती यंत्रणेतले चित्रीकरण शिल्लक राहिले नसते. रोज मोजदाद करणारा माणूस, मजबूत कुलूप, उजेड आणि शेजार यांच्या सोबतीनेच कॅमेरा उपयोगी पडतो. नुसता कॅमेरा लावून निर्धास्त होणे धोक्याचे आहे.

शेतावरचा कॅमेरा

ग्रामीण भागात कॅमेऱ्याचे समर्थन अधिक ठाम आहे आणि त्याला कारण आहे. सेलू तालुक्यातील बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याच्या आसपासच्या आणि कारंजा, आष्टी, आर्वीकडच्या जंगलालगतच्या शेतांत रानडुक्कर आणि रोही पिकाची नासाडी करतात, गोठ्यावर बिबट्याची भीती असते. पिकाच्या दिवसांत रात्र रात्र जागलीला जाणारा शेतकरी स्वतःचा जीव धोक्यात घालत असतो. मोटार, केबल आणि ठिबकच्या नळ्या चोरीला जाणे हे वेगळेच दुखणे. अशा शेतकऱ्याला मोबाइलवर दिसणारे शेत म्हणजे अंधारात बाहेर न पडता घेतलेली खात्री असते. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या सीमेवरील सीतारामपेठ येथे वन्यप्राणी ओळखून गावाला सावध करणारी कॅमेऱ्यांची यंत्रणा वनविभागाने उभारली. बोरच्या परिसरातल्या गावांनाही तिच्या अनुभवातून शिकता येईल.

इथेही मर्यादा आहेतच. कॅमेरा डुकरांचा कळप दाखवतो, हाकलत नाही. त्यासाठी सौर कुंपण, म्हणजे गावभाषेतले झटका मशीन, लागतेच. नेटवर्क नसलेल्या शिवारात सिमकार्डचा कॅमेरा निकामी ठरतो आणि उघड्यावरचा कॅमेरा स्वतःच चोरीची वस्तू होतो. हे सगळे मान्य करूनही शेतावरच्या कॅमेऱ्याबाबत आक्षेप कमी आहेत, कारण तो सहसा कोणाच्या खासगी आयुष्यात शिरत नाही.

शेजार आणि खासगीपणा

वस्तीत चित्र बदलते. अरुंद गल्लीत समोरच्या भिंतीवरचा कॅमेरा शेजारच्या न्हाणीघराच्या वाटेवर, धुणी वाळत घालण्याच्या जागेवर किंवा ओट्यावर रोखलेला असू शकतो. बायकांच्या तक्रारी प्रामुख्याने याच आहेत आणि त्या क्षुल्लक समजून उडवून लावणे चुकीचे आहे. आपल्याच दारात वावरताना कोणी पाहत असेल ही जाणीव माणसाचे वागणे आक्रसून टाकते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई नुसार संमतीशिवाय कोणाच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्र टिपणे, प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. स्त्रीच्या खासगी कृतीवर चोरून नजर ठेवणे किंवा तिचे चित्रण करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली येते. मात्र शेजाऱ्याच्या अंगणावर रोखलेल्या साध्या कॅमेऱ्याबाबत थेट तरतूद नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पण व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर या कायद्याने वगळला आहे. युरोपात भूमिका वेगळी आहे. झेक प्रजासत्ताकातील एका घरमालकाच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये ठरवले की सार्वजनिक रस्ता टिपणारा घरचा कॅमेरा निव्वळ घरगुती मानता येणार नाही.

घराच्या आतला कॅमेरा हा आणखी नाजूक विषय. कोलकात्यातील एका कुटुंबात, एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांचा वाद उच्च न्यायालयात गेला. सहरहिवाशांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवणे खासगीपणाचा भंग आहे, असे न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. सासू-सून, भाऊ-भाऊ, मालक-भाडेकरू यांच्या संबंधांत ही बाब महत्त्वाची आहे. बैठकीच्या खोलीत लावलेला कॅमेरा परगावी असलेल्या मुलाला आईची खुशाली दाखवतो, तसाच तो घरच्या सुनेच्या आणि कामाला येणाऱ्या बाईच्या प्रत्येक हालचालीचा हिशेब ठेवतो. ज्यांच्यावर नजर राहणार त्यांना विचारणे, निदान सांगणे, ही किमान माणुसकी आहे.

चित्र कोणाच्या हाती

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिलांच्या तपासणीचे, कॅमेरा यंत्रणेत शिरून चोरलेले चित्रीकरण समाजमाध्यमांवर विकले जात असल्याचे उघड झाले. तपासात महाराष्ट्रातूनही अटक झाली. अनेक ठिकाणच्या यंत्रणांत असे शिरण्याचा मार्ग होता तो कारखान्यातून आलेल्या किंवा सहज ओळखता येणाऱ्या पासवर्डचा. याच ढिसाळपणामुळे २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते आणि त्यांच्या साह्याने त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मोठमोठी संकेतस्थळे ठप्प केली होती. कंपन्यांच्या आतूनही धोका असतो. अमेरिकेत ‘रिंग’ या कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या घरातले चित्रीकरण पाहिल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये ५८ लाख डॉलरची तडजोड झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘वायझ’ या कॅमेरा कंपनीच्या सुमारे १३ हजार ग्राहकांना दुसऱ्यांच्या घरांची चित्रे दिसली.

भारत सरकारने एप्रिल २०२४ मध्ये कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी जाहीर केल्या आणि एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. त्यानुसार कॅमेऱ्याचे यंत्रभाग, आतली प्रणाली, साठवण आणि संपर्क यांची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी लागते. नवा कॅमेरा घेताना ही नोंदणी पाहणे शक्य आहे. आधीच भिंतींवर असलेल्या यंत्रांना या अटींनी काही होत नाही. तिथे उपाय घरमालकाच्याच हाती आहे. पासवर्ड बदलायचा, आणि बसवून देणाऱ्या कारागिराच्या मोबाइलवर यंत्रणा जोडलेली राहिली असेल तर ती काढून टाकायची. ही दुसरी गोष्ट फार थोड्या घरांत होते.

पुरावा म्हणून

चित्रीकरण सापडले म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, ही समजूत चुकीची आहे. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की मूळ उपकरण न्यायालयात हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यकच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत मागितले आहे आणि त्यात फाइलची ओळख पटवणारे हॅश मूल्य नोंदवावे लागते. व्यवहारात याचा अर्थ असा की चोरीनंतर मोबाइलने पडद्याचे चित्रण करून व्हॉट्सॲपवर फिरवणे कामाचे नाही. डीव्हीआर तसाच ठेवून पोलिसांना त्यातून प्रत घेऊ देणे योग्य. अशा फिरवलेल्या चित्रफितींमुळे एखाद्या निरपराध वाटसरूवर संशयाचा शिक्का बसतो, हे नुकसान वेगळेच.

सार्वजनिक कॅमेरे

खासगी कॅमेऱ्यांच्या जोडीला सरकारी कॅमेरेही वाढले. मुंबईत २६/११ च्या हल्ल्यानंतर आखलेला प्रकल्प ऑक्टोबर २०१६ मध्ये सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांसह सुरू झाला. बदलापूरच्या शाळेतील अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शाळांत कॅमेरे सक्तीचे केले. अनेक ग्रामपंचायतींनीही चौकांत, पाण्याच्या टाकीजवळ कॅमेरे लावले आहेत. या कॅमेऱ्यांवर चाललेल्या खर्चाइतकाच देखभालीचाही विचार हवा, कारण बिघडलेला कॅमेरा सुरक्षिततेचा आभास तेवढा देतो. नजर दोन्ही दिशांना असावी, हेही तितकेच महत्त्वाचे. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी सर्व पोलिस ठाण्यांत आवाजासह चित्रीकरण करणारे कॅमेरे लावण्याचे आणि चित्रीकरण किमान एक वर्ष जपण्याचे आदेश दिले. नागरिकावर कॅमेरा ठेवणाऱ्या व्यवस्थेने स्वतःवरही तो स्वीकारला पाहिजे.

इतर उपकरणे

कॅमेऱ्याभोवतीचे प्रश्न घरात आलेल्या इतर वस्तूंनाही लागू होतात. वीज वितरण कंपनीच्या स्मार्ट मीटरला विदर्भात विरोध झाला. आक्षेप प्रीपेड पद्धतीला, वाढीव बिलाच्या भीतीला आणि मीटर सक्तीने बदलण्याला होता. जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नसल्याचे शासनाने जाहीर केले. वेळेनुसार वापर मोजणारा मीटर असेल तर दिवसाच्या वापरावर सवलत मिळते, हा त्यातला ग्राहकाचा फायदा. यूपीआयमुळे आठवडी बाजारात सुट्या पैशांचा प्रश्न सुटला आणि त्याच मोबाइलवरून फसवणूकही घरात शिरली. तोतया पोलिसांकडून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटके’च्या नावाने होणाऱ्या लुबाडणुकीत तर मोबाइलचा कॅमेराच धमकीचे साधन होतो. अशा वेळी फोन बंद करणे आणि १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करणे हा मार्ग आहे. आवाजाने चालणारे स्पीकर, दाराची डिजिटल कुलुपे, मुलांची घड्याळे या सगळ्यांचा फायदा तत्काळ दिसतो आणि किंमत नंतर कळते.

मोजमापाची एक कसोटी

यंत्र घरात घ्यावे की नाही, याचा विचार वर्धा जिल्ह्यात आधीच गंभीरपणे झालेला आहे. गांधीजींचा यंत्रांना सरसकट विरोध नव्हता, शिवणयंत्राला त्यांनी उघड मान्यता दिली होती. सेवाग्राम आश्रमात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात सरकारने बसवलेला टेलिफोनही वापरात होता. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. यंत्र हलके असावे, झोपडीत चालावे, स्त्रीला आठ तास फारशा श्रमाशिवाय वापरता यावे, किंमत १५० रुपयांच्या आत असावी, वीस वर्षे टिकावे आणि वार्षिक दुरुस्ती किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावी, अशा त्याच्या अटी होत्या. किर्लोस्करवाडीतही यासाठी यंत्र तयार झाले, पण बक्षीस कोणालाच मिळाले नाही. १९३८ मध्ये सुरू झालेल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयात त्या काळच्या अशा प्रयोगांचा वारसा पाहता येतो.

त्या अटींचे मर्म असे की यंत्राची सूत्रे वापरणाऱ्याच्या हाती राहावीत. आजच्या कॅमेऱ्याला ही कसोटी लावली तर तो अनेक ठिकाणी उणा पडतो. दुरुस्तीऐवजी तो फेकून दिला जातो, दरमहा वर्गणी मागतो आणि कंपनीने सेवा थांबवली की चांगला असूनही बंद पडतो. गूगलने ‘ड्रॉपकॅम’ या कॅमेऱ्यांची सेवा एप्रिल २०२४ मध्ये थांबवली, तेव्हा ग्राहकांच्या भिंतीवरचे चालू कॅमेरे निरुपयोगी झाले. याच कसोटीवर घरातल्या पेटीत साठवण करणारी, तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारी, मालकाला हवी तेव्हा बंद करता येणारी साधी यंत्रणा बरीच उजवी ठरते.

निष्कर्ष

कॅमेरा ठेवण्याचे समर्थन सर्वांत भक्कम आहे ते शेत, गोठा, दुकान आणि बंद घराचे फाटक इथे. राहत्या खोल्यांत ते कमकुवत होते आणि शेजाऱ्याच्या हद्दीत मुळीच टिकत नाही. म्हणून कॅमेऱ्याचा रोख आपल्या उंबरठ्यापुरता ठेवावा, शेजारचा भाग यंत्रातल्या सोयीने झाकावा, घरात येणाऱ्याला दिसेल अशी सूचना लावावी, पासवर्ड बदलावा आणि साठवण गरजेपुरतीच ठेवावी. माहिती संरक्षण कायद्याने घरगुती वापर वगळला असल्यामुळे उरलेली जबाबदारी वस्तीची आहे. ग्रामसभा आणि गृहनिर्माण संस्था यांनी कॅमेरे कुठे लावायचे, चित्रीकरण कोण पाहणार, किती दिवस ठेवायचे आणि तक्रार कोणाकडे करायची हे ठराव करून लिहून ठेवले पाहिजे. त्या सभेत महिलांचे म्हणणे आधी ऐकले गेले पाहिजे, कारण या नजरेचा सर्वांत जास्त भार त्यांच्यावरच पडतो.